रिक्वायर नेमकं कुठं बघतं? अ‍ॅपमध्ये लुआ बसवताना मॉड्यूलचे रस्ते ठरवण्याची रीत

तासगाव रस्त्यावरच्या एका गावात आमचं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर चालतं. पहाटे साडेपाचला शटर वर जातं आणि सहापर्यंत किटल्यांची रांग लागते. नमुना यंत्रात गेला की फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) स्क्रीनवर येतात, काट्यावरून वजन येतं, पावती बाहेर पडते. एका सकाळी रांगेतल्या आजींनी पावती दोनदा उलटसुलट करून बघितली आणि ऑपरेटरला विचारलं, "आरं, फॅट कालच्याएवढीच हाय, मग दर कसा उतरला?"

ऑपरेटरनं मला विश्रामबागेत फोन लावला. "सर, दर जुना लागतोय. एरर काय न्हाई."

एरर आला असता तर बरं झालं असतं, पाच मिनिटांत कळलं असतं. इथं प्रोग्राम गुमान चालू होता आणि दोन महिन्यांपूर्वीच्या दरपत्रकानं पावत्या काढत होता. नवं दरपत्रक डिस्कवर जागच्या जागी होतं. त्याच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं.

चूक माझी होती: नियमांची फाइल कुठून उचलायची ते मी प्रोग्रामला पक्कं सांगितलं नव्हतं, आणि अ‍ॅपमध्ये स्क्रिप्टची भाषा पहिल्यांदा बसवणारा जवळपास प्रत्येक जण ती करतो. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली पोरं आमच्याकडे येतात, त्यांना दर वेळी तोंडी सांगून कंटाळा आला, म्हणून हे लिहून काढतोय.

एक सूचना आधीच. फंक्शनांची नावं मी इथं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत करायची. 'लुआएल' असं दिसलं की त्यातलं शेवटचं एल मोठ्या लिपीतलं. सगळं ठरावीकच आहे, एकदा हात बसला की अडत नाही.

स्क्रिप्ट कशाला हवी?

गाईच्या दुधाचा मूळ दर साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात, म्हशीच्या दुधाचा ६.० आणि ९.० ला. इथवर बहुतेक ठिकाणी सारखं. त्याच्या वर किंवा खाली एका पॉइंटला किती वाढवायचे, किती कापायचे, कुठल्या खाली दूध घ्यायचंच नाही, हे प्रत्येक संघाचं वेगळं, आणि ते बदलत राहतं. हे सगळं सी प्लस प्लसमध्ये लिहून ठेवलं तर दर बदलला की नवी एक्झी करून पन्नास गावं फिरायची. त्यापेक्षा हिशेबाचे नियम लुआ या स्क्रिप्टच्या भाषेतल्या छोट्या फायलींत ठेवले, मूळ प्रोग्रामनं त्या वाचून चालवल्या, की एक फाइल पाठवली आणि काम झालं.

लुआ १९९३ साली ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोच्या विद्यापीठात जन्मली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. दुसऱ्याच्या प्रोग्रामात राहायला यायचं हाच तिचा पहिल्यापासून धंदा, त्यामुळे ती हलकी आहे आणि सीशी तिचं चांगलं जमतं. मी ५.४ ही आवृत्ती वापरतो, २०२० ला आलेली. खालचं सगळं तिच्याबद्दल आहे. ५.१ वर असाल तर काही नावं बदलतील, उदाहरणार्थ 'सर्चर्स'च्या जागी तिथं 'लोडर्स' असतं.

रिक्वायर काय करतं?

रिक्वायर म्हणजे मॉड्यूल, म्हणजे वेगळ्या ठेवलेल्या कोडचा तुकडा, मागवणारं लुआचं फंक्शन. स्क्रिप्टमध्ये कोणी रिक्वायर "दर" असं लिहिलं की लुआ आधी 'पॅकेज.लोडेड' या टेबलात बघते. तिथं ते नाव असेल तर तेच परत देते, फायलीकडे ढुंकूनही बघत नाही. नसेल तर 'पॅकेज.सर्चर्स' या यादीतल्या शोधकांना एकेक करून विचारते. मुळात ते चार असतात. पहिला 'पॅकेज.प्रीलोड' टेबलात बघतो. दुसरा 'पॅकेज.पाथ'मधल्या रस्त्यांवर लुआची फाइल शोधतो. तिसरा 'पॅकेज.सीपाथ'वर डीएलएल, म्हणजे सीमधून कंपाइल केलेली फाइल, शोधतो. चौथा ठिपकेवाल्या नावासाठी मूळ नावाची डीएलएल धुंडाळतो. ज्याला आधी सापडलं त्याचं खरं, पुढच्यांना कोणी विचारत नाही.

'पॅकेज.पाथ' ही एक लांबलचक ओळ असते. तिच्यात अर्धविरामानं वेगळे केलेले साचे असतात आणि प्रत्येक साच्यात प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हाच्या जागी मॉड्यूलचं नाव बसतं, नावात ठिपका असेल तर त्याचा फोल्डरचा स्लॅश होतो. एवढंच.

घोळ आहे तो साच्यातल्या सुरुवातीच्या एकट्या ठिपक्यात. '.\?.लुआ' मधला ठिपका म्हणजे प्रोग्रामचा फोल्डर, असं नवशिक्याला वाटतं. मलाही वाटलं होतं. तो ठिपका म्हणजे प्रोग्राम ज्या फोल्डरात उभा राहून सुरू झाला तो, म्हणजे चालू फोल्डर. व्हिज्युअल स्टुडिओतून चालवलं की तो प्रोजेक्टचा फोल्डर असतो, म्हणून माझ्या मशीनवर वर्षभर सगळं सुरळीत चाललं. शॉर्टकटवरून चालवलं तर 'स्टार्ट इन'च्या रकान्यात लिहिलेला. सर्व्हिस म्हणून चालवलं तर बहुतेक वेळा विंडोजचा सिस्टिम फोल्डर. आणि एक्सप्लोररमध्ये एखाद्या डेटा फायलीवर डबल क्लिक करून प्रोग्राम उघडला, तर ती फाइल जिथं आहे तो फोल्डर.

त्या सकाळी हेच झालं होतं. ऑपरेटरनं डेस्कटॉपवर "जुना बॅकअप" नावानं सगळा फोल्डर उचलून ठेवला होता, शहाणपणानंच. घाईत त्यातल्या डेटा फायलीवर क्लिक केलं. बॅकअपमध्ये नियमांचा फोल्डर होताच. माझ्या साच्यातल्या ठिपक्यानं इमानदारीत तोच उचलला.

तेव्हा खालची सगळी पावलं एकाच हट्टासाठी आहेत: मॉड्यूल कुठून यायचं ते आपल्या प्रोग्रामनं ठरवायचं. चालू फोल्डर, मशीनवरच्या सेटिंग आणि स्क्रिप्ट लिहिणारा, या तिघांपैकी कोणालाही त्यात बोलायची मुभा नाही.

पाऊल १: मशीनवरची हवा बंद करा

'लुआएल_न्यूस्टेट'नं स्टेट (लुआचा एक स्वतंत्र चालता संच) तयार केली की लायब्रऱ्या उघडायच्या आधी एक काम. लुआ सुरू होताना 'लुआ_पाथ' आणि 'लुआ_पाथ_५_४' ही पर्यावरण चलं (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) वाचते. त्या मशीनवर दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरनं ती ठेवली असतील तर तुमचे रस्ते तिथंच बदलले. हे टाळायला रजिस्ट्री टेबलात (विंडोजची रजिस्ट्री नव्हे, लुआची स्वतःची) 'लुआ_नोएन्व्ह' या नावाखाली 'ट्रू' ठेवा. पॅकेज लायब्ररी उघडल्यावर ठेवलंत तर उपयोग नाही, तोवर वाचून झालेलं असतं.

पाऊल २: लागतील तेवढ्याच लायब्रऱ्या

'लुआएल_ओपनलिब्स' ही एक ओळ लिहिली की दहाच्या दहा लायब्रऱ्या उघडतात. सगळे तेच लिहितात. दराच्या हिशेबाला फायली उघडायची किंवा सिस्टिमची आज्ञा चालवायची गरज काय? मी 'लुआएल_रिक्वायरएफ' वापरून बेस, पॅकेज, टेबल, स्ट्रिंग, मॅथ आणि यूटीएफ८ एवढ्या सहाच उघडतो. प्रत्येक वेळी ते फंक्शन स्टॅकवर (सी आणि लुआ जिथं किमतींची देवाणघेवाण करतात तिथं) एक प्रत ठेवून जातं, ती पॉप करायला, म्हणजे काढून टाकायला, विसरू नका. डीबग लायब्ररी नसली तरी सीच्या बाजूनं 'लुआएल_ट्रेसबॅक' चालतं, त्यामुळे चूक कुठल्या ओळीत आहे ते कळायचं राहत नाही.

काही जण सगळ्या उघडतात आणि मग 'आयओ' आणि 'ओएस' या ग्लोबल नावांना 'निल' करून टाकतात. झाली सुरक्षितता! पण 'पॅकेज.लोडेड'मध्ये त्या अजून बसलेल्याच असतात. स्क्रिप्टनं रिक्वायर "आयओ" म्हटलं की पुन्हा हातात. पुढचं दार लावायचं आणि मागचं सताड उघडं ठेवायचं, असला प्रकार. मुळात उघडूच नका.

बेस लायब्ररीतून 'डूफाइल' आणि 'लोडफाइल' ही दोन तेवढी 'निल' करा. ती रिक्वायरला वळसा घालून थेट फाइल उघडतात. 'लोड'ही मी काढतो, कारण ते बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल केलेला, तुकडासुद्धा स्वीकारतं आणि मुद्दाम बिघडवलेला बायनरी तुकडा अख्खा प्रोग्राम पाडू शकतो.

पाऊल ३: पूर्ण पत्ता द्या

आता मुख्य काम. प्रोग्राम स्वतः कुठं आहे ते त्यालाच विचारा. विंडोजवर 'गेटमॉड्यूलफाइलनेम', लिनक्सवर 'प्रॉक' खालच्या 'सेल्फ'मधला 'एक्झी' हा दुवा वाचा. शेवटचं फायलीचं नाव कापा, उरतो तो फोल्डर. त्यावरून संपूर्ण पत्त्याचे साचे बांधा आणि 'पॅकेज.पाथ'मध्ये ठेवा.

"ठेवा" म्हणजे आधीचं पुसून ठेवा. आहे त्याच्या मागं आपलं चिकटवायची सवय इंटरनेटवरच्या उदाहरणांतून लागते. तसं केलंत तर मूळचा '.\?.लुआ' तुमच्या आधी उभाच राहतो.

माझ्याकडे दोन साचे आहेत. पहिला आमच्या मूळ नियमांचा, प्रोग्रामच्या फोल्डरात. दुसरा त्या केंद्राच्या दरपत्रकाचा, 'प्रोग्रामडेटा'खाली, कारण प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरात साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. पहिला सापडला तो जिंकतो, म्हणून आमचा साचा पुढं. कोणी चुकून केंद्राच्या फोल्डरात 'गोळाबेरीज' नावाची फाइल टाकली तरी आमचीच चालते. तुम्हाला उलटं हवं असू शकतं, की गिऱ्हाइकाला आपला नियम वरचढ ठेवता यावा. चालेल. पण ते ठरवून करा.

'पॅकेज.सीपाथ' रिकामी स्ट्रिंग करा. 'निल' करू नका. 'निल' केलंत की तिसऱ्या शोधकाची पाळी येताच "ही स्ट्रिंग असायला हवी" असा ओरडा होतो आणि न सापडलेल्या मॉड्यूलचा खरा निरोप दडपून जातो.

पाऊल ४: घरचं सामान प्रीलोडमध्ये

यंत्राचं रीडिंग घेणं, काट्याचं वजन घेणं, पावती छापणं ही सीमध्ये लिहिलेली कामं स्क्रिप्टला मॉड्यूल म्हणून द्यायची असतात. त्यासाठी वेगळी डीएलएल करण्याच्या भानगडीत पडू नका. एक्झीत लुआ स्टॅटिक जोडलेली असते, डीएलएल स्वतःची दुसरी लुआ घेऊन येते, आणि एकाच प्रोसेसमध्ये दोन लुआ भेटल्या की अशी पडझड होते की तिचं कारण शोधता शोधता आठवडा जातो. माझा गेला आहे.

त्यापेक्षा मॉड्यूल उघडणारं सी फंक्शन 'पॅकेज.प्रीलोड'मध्ये "यंत्र" अशा नावानं नोंदवा. स्क्रिप्टनं मागितल्यावरच ते चालतं. प्रीलोडवाला शोधक पहिला असल्यामुळे त्याच नावाची फाइल कुठं पडलेली असली तरी ती मधे येत नाही.

पाऊल ५: शोधकांची यादी छाटा

'पॅकेज.सर्चर्स'मधला तिसरा आणि चौथा काढून टाका. सीपाथ रिकामा केल्यावर ते तसेही रिकाम्या हातानं परत येतात, पण जे नको ते ठेवायचं कशाला.

तुमचे नियम डेटाबेसमध्ये किंवा एका बंद गठ्ठ्यात असतील तर इथंच स्वतःचा शोधक बसवता येतो. करार सोपा आहे. त्याला मॉड्यूलचं नाव मिळतं. सापडलं तर त्यानं चालवायचं फंक्शन आणि सोबत एक जादा किंमत, म्हणजे कुठून आणलं ते, परत द्यायची. नाही सापडलं तर "अमुक ठिकाणी बघितलं, नव्हतं" अशी स्ट्रिंग द्यायची. सगळे शोधक हरले की या स्ट्रिंगा जोडून एररचा निरोप बनतो, म्हणून ती नीट लिहा. पहाटे सहाला फोनवर तीच तुम्हाला वाचून दाखवणार आहेत.

मजकूर 'लुआएल_लोडबफरएक्स'नं भरताना पद्धत म्हणून "टी" द्या, म्हणजे फक्त मजकूर चालेल, बायनरी नाही. तुकड्याच्या नावाआधी अ‍ॅट चिन्ह लावा, म्हणजे एररमध्ये फायलीचं नाव आणि ओळ धड दिसेल.

इथं एक खड्डा आहे. नोटपॅडमधून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेल्या फायलीच्या तोंडाशी कधी कधी तीन न दिसणारे बाइट असतात, बीओएम म्हणतात ते. फाइल लुआनं स्वतः उघडली तर ती ते तीन बाइट गिळून पुढं जाते. बफरमधून भरताना मात्र गिळत नाही, आणि '<\२३९>' जवळ अनपेक्षित चिन्ह आहे असा निरोप देते. फाइल उघडून बघावी तर पहिली ओळ स्वच्छ. २३९ दिसलं की बीओएम, एवढं डोक्यात ठेवा. शोधकातच ते तीन बाइट कापून टाका.

दुसरा खड्डा आपल्याच लोकांसाठी खास. विंडोजवर फोल्डरचं नाव मराठीत असेल, "दूध हिशेब" वगैरे, तर लुआचं साधं फाइल उघडणं तिथं पोचतच नाही. सीचं 'एफओपन' जुन्या कोड पेजमधून (अक्षरांच्या तक्त्यातून) नाव वाचतं आणि देवनागरीसाठी तसलं कोड पेजच नाही. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये यूटीएफ-८ कोड पेज मागता येतं. जुन्या मशीनवर स्वतःच्या शोधकात 'डब्ल्यूएफओपन' वापरा. गिऱ्हाइकाला "फोल्डरचं नाव इंग्रजीत ठेवा" असं सांगणं हा उपाय मी करत नाही. नाव त्यांचं, फोल्डर त्यांचा.

पाऊल ६: कुलूप

आतापर्यंत रस्ते आखले, पण 'पॅकेज' हे टेबल अजून स्क्रिप्टच्या हातात आहे. एखादा हौशी गडी स्क्रिप्टमध्येच 'पॅकेज.पाथ' बदलेल, किंवा 'पॅकेज.लोडलिब'नं डीएलएल ओढेल. म्हणून सगळं लावून झालं की ग्लोबल 'पॅकेज' काढा आणि 'पॅकेज.लोडेड'मधली "पॅकेज"ची नोंदही काढा. रिक्वायर चालू राहतं, कारण त्याच्याकडे त्या टेबलाचा स्वतःचा धरलेला धागा असतो. क्रम मात्र जपा: आधी लोडेडमधली नोंद, मग ग्लोबल. उलटं केलंत तर लोडेडपर्यंत पोचायला रिक्वायर "पॅकेज" असा वळसा घ्यावा लागतो.

नावांचे घोळ

रिक्वायर "नियम.दर" आणि रिक्वायर "नियम/दर" दोन्ही एकच फाइल उघडतात, पण लोडेडमध्ये दोन वेगळी नावं पडतात आणि मॉड्यूल दोनदा चालतं. त्यात सकाळच्या लिटरची बेरीज ठेवली असेल तर अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मोठ्या-लहान लिपीचंही तेच. विंडोज दोन्ही सारखी मानतं, लुआ मानत नाही, आणि लिनक्सवर नेलं की फाइलच सापडत नाही. आमच्याकडे नियम एकच: नावं लहान लिपीत, मधे ठिपका.

दोन मॉड्यूल एकमेकांना रिक्वायर करत असतील तर ५.४ मध्ये ते एकमेकांना बोलवत बसतात आणि शेवटी स्टॅक भरल्याचा एरर येतो. सामाईक भाग तिसऱ्या फायलीत काढा.

दर बदलल्यावर प्रोग्राम बंद न करता नवी फाइल घ्यायची असेल तर लोडेडमधली नोंद पुसून पुन्हा रिक्वायर करता येतं. पण ज्यांनी जुनं टेबल आधीच लोकलमध्ये धरलंय ते जुनंच धरून बसतात. मी या वाटेला जात नाही. सकाळ आणि संध्याकाळ, प्रत्येक वेळेच्या आधी अख्खी स्टेट बंद करून नवी उघडतो. एवढ्याशा फायलींना काही मिलीसेकंद लागतात, रांगेतल्या माणसाला कळतही नाही.

पायथन बसवत असाल तर नावं वेगळी, हट्ट तोच. ३.८ पासून 'पायकॉन्फिग' आहे. त्याची आयसोलेटेड सुरुवात घ्या, म्हणजे पर्यावरण चलं आणि वापरकर्त्याचे फोल्डर बाजूला राहतात. 'मॉड्यूल_सर्च_पाथ्स'मध्ये पूर्ण पत्ते भरा आणि त्याच्या जोडीचा 'सेट' झेंडा १ करा. तो विसरला तर तुमची यादी सोडून पायथन स्वतःचीच काढतं. घरची मॉड्यूल 'पायइम्पोर्ट_अपेंडइनिटटॅब'नं, इनिशियलाइझच्या आधी.

पाऊल ७: मुद्दाम फसवून बघा

५.४ मध्ये रिक्वायर दोन किंमती परत देतं: मॉड्यूल, आणि ते कुठून आलं तो पत्ता. दुसरी किंमत सुरुवातीलाच लॉगमध्ये लिहा. मात्र ती पहिल्यांदा लोड होतानाच मिळते, नंतर फक्त मॉड्यूल येतं.

मग परीक्षा. डेस्कटॉपवर एक फोल्डर करा, त्यात नियमांची खोटी प्रत ठेवा आणि तिच्यात दर शून्य लिहा. तिथल्या डेटा फायलीवर डबल क्लिक करून प्रोग्राम उघडा. 'लुआ_पाथ' चल त्या फोल्डराकडे वळवून पुन्हा उघडा. शॉर्टकटचा 'स्टार्ट इन' रिकामा करून पुन्हा. खऱ्या दरपत्रकाचं नाव बदलून पुन्हा. पहिल्या तीन वेळा लॉगमध्ये तोच पूर्ण पत्ता यायला हवा आणि चौथ्या वेळी पावती न निघता एरर यायला हवा. शून्य दराची एक जरी पावती निघाली तर तिसऱ्या पावलावर परत जा, बहुतेक वेळा कुठंतरी एक ठिपका राहिलेला असतो.

आमच्या दरपत्रकाच्या फायलीत आता लागू तारीख लिहिलेली असते आणि पावतीच्या तळाला ती छापून येते. त्या सकाळचा फरक दहा दिवसांच्या बिलात वळता केला. आजी अजून पावती उलटसुलट करूनच घेतात, पण आधी तारीख बघतात.